सकाळी आठ ते अकरा

ज्या गावाबद्दल हे लिहीत आहे त्याचे नाव देणार नाही. एकदा ते एका अहवालात छापले गेले आणि त्या गावाची शाळा बंद झाली. गाव बालाघाट जिल्ह्यात, बैहरकडे चढणाऱ्या रस्त्याच्या बाजूला, जंगलाला लागून आहे. वरच्या टोल्यात गोंडांची घरे आहेत, खालच्या टोल्यात फार पूर्वी विदर्भातून येऊन स्थिरावलेली कुणबी आणि बौद्ध घरे. टोला म्हणजे आपल्याकडची वाडी.

अहवाल ज्या संस्थेचा होता तिथे मी संपादनाचे काम करते. सार्वजनिक धोरणांचा अभ्यास करणारी ही पुण्यातली संस्था आहे. हल्ली तिला थिंक टँक म्हणतात. त्याआधी मी वीस वर्षे वर्तमानपत्रात होते. संस्थेतले सीमाभागाचे तज्ज्ञ डॉ. टिळेकर यांच्याबरोबर मी मे महिन्याच्या शेवटी तीन दिवस बालाघाटला गेले. परत येऊन हे लिहीत आहे.

टिळेकरांची कारकीर्द थोडक्यात सांगावी लागेल. ते संस्थेत आकडे भरणारा साहाय्यक म्हणून आले. हुशार, वक्तशीर, बोलायला गोड. एका उन्हाळ्यात त्यांनी कॉलेजची मुले हाताशी धरून महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशाच्या सीमेवरच्या गावांची घरोघर पाहणी केली. निष्कर्ष असा होता की या गावांतली बहुतेक घरे बंद आहेत, माणसे शहरांकडे गेली आहेत आणि मागे म्हातारे उरले आहेत. अहवालाचे नाव ‘रिकामी गावे’. हे नाव मी दिले होते. मुखपृष्ठावरचे छायाचित्रही मीच निवडले होते: कुडाच्या भिंतीचे एक घर, दारात आडव्या टाकलेल्या काटेरी फांद्या, खाली ओळ ‘सोडून दिलेले घर’.

त्या अहवालाने टिळेकरांना सगळे दिले. लेख, परिसंवाद, वाहिन्यांवरच्या चर्चा, शेवटी एका सरकारी समितीवर जागा. समितीने अहवालाच्या आधारे गावांची यादी केली. यादीतल्या लहान शाळा शेजारच्या मोठ्या गावांतल्या शाळांत मिसळल्या. मिसळल्या हा शब्द समितीचा आहे. शाळेला कुलूप लागले, हे त्याचे मराठी.

आता संस्था सीमाभागासाठी वेगळे केंद्र काढणार होती आणि टिळेकर त्याचे संचालक होणार होते. विश्वस्तांची अट एकच: अहवालाचा दुसरा खंड हवा आणि त्यासाठी तज्ज्ञाने स्वतः पुन्हा गावात जाऊन यावे. म्हणून हा प्रवास.

बुधवार: राजेगाव, लालबर्रा

गोंदियाला सकाळी उतरलो. गाडी आधी ठरवलेली होती. चालक सुखदेव राजेगावचा, पन्नाशीचा, गळ्यात पांढरा गमछा. गोंदिया सोडून सीमेवरची नदी ओलांडली की फलकांवरचे ‘आहे’ जाते आणि ‘है’ येते. बाकी रस्ता, शेते, बांधावरची मोहाची झाडे तीच राहतात. राजेगावला चहाला थांबलो. हॉटेलवाली बाई सुखदेवशी मराठीत भांडली, मुलाला हिंदीत ओरडली आणि आम्हाला गरम आलूबोंडे दिले. पुण्यात त्याला बटाटावडा म्हणतात आणि तो इतका तिखट नसतो.

टिळेकर सुखदेवशी हिंदीत बोलत होते. सुखदेव प्रत्येक वेळी मराठीत उत्तर देत होता. तासभर असे चालल्यावर मी त्याला विचारले, मराठीत बोला, असे साहेबांना सांगत का नाही?

“सांगून काय करू म्याडम? साहेब हिंदी बोलून राह्यले, मी मराठी. गाडी तं चालून राह्यली ना बरोबर.”

टिळेकर हसले नाहीत. ते फोनवर दुपारच्या भाषणाचे मुद्दे लिहीत होते. आठ वर्षे सीमाभागाचे तज्ज्ञ असलेला हा माणूस या जिल्ह्यात चौथ्यांदा येत होता. आधीचे तिन्ही मुक्काम बालाघाट शहरात झाले होते. हे त्यांनीच सांगितले, हॉटेलची चादर पूर्वी स्वच्छ असायची या संदर्भात.

दुपारी लालबर्ऱ्याला त्यांचा सत्कार होता. सिवनी रस्त्यावरचे हे गाव भाताच्या गिरण्यांचे आहे. हवेत कोंड्याची धूळ तरंगते आणि केसांत बसते. सभागृहात शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, मग पाऊण तास भाषण. श्रोत्यांतल्या एका म्हाताऱ्या गिरणीवाल्याने एकच प्रश्न विचारला, “साहब, आप रुके किस गाँव में थे?”

“नमुना प्रातिनिधिक होता,” टिळेकर म्हणाले. हे वाक्य त्यांनी हिंदीत सांगितले तेव्हा ते आणखी अवघड झाले. म्हातारा मान हलवून खाली बसला. जेवायला चिन्नोर तांदळाचा भात होता. बारीक दाणा, तूप नसतानाही तुपासारखा वास. आंबेमोहोरावर वाढलेल्या माणसाला कबूल करणे जड जाते, पण हा भात वरचढ आहे. त्या दिवसात आनंदाची तेवढीच गोष्ट घडली.

गुरुवार: टोला

सकाळी सहाला निघालो. ऊन चढायच्या आत काम संपवायचे, असे टिळेकरांचे म्हणणे. पाहणीचा तोच नियम होता. कॉलेजची मुले मे महिन्यातच मोकळी असतात आणि मे महिन्यात दुपारी कुणी उन्हात फिरू शकत नाही, म्हणून पाहणीची वेळ सकाळी आठ ते अकरा. घर बंद सापडले तर त्याच आठवड्यात आणखी दोनदा जायचे, त्याच वेळेत. तिन्ही वेळा बंद तर ‘स्थलांतरित’ असा शिक्का. कागदावर नियम काटेकोर होता. मी तो संपादित करताना दोनदा वाचला होता आणि मला त्यात काही खटकले नव्हते.

आठच्या सुमारास गावात पोहोचलो. खालच्या टोल्यात शुकशुकाट. दारे ओढून घेतलेली, दारांत बोरीच्या काटेरी फांद्या. एका ओसरीवर एक म्हातारा झाडाच्या सालीचे दोर वळत बसला होता. बाकी कोंबड्या.

“बघा,” टिळेकर मला म्हणाले. “तेव्हा जे होतं तेच आहे. उलट वाढलंय.” ते छायाचित्रे काढू लागले. आवाजात समाधान होते.

सुखदेव गाडीला टेकून उभा होता. “साहेब, लोकं पानावर गेले असन.”

“काय?”

“तेंदूपान. बिडीचं. सीझन हाय ना. सारं गाव पहाटंच जंगलात जाते. दहा-अकरा वाजता येतेत वापस.”

टिळेकर छायाचित्र काढत राहिले. “स्थानिक माणसं असं काहीतरी सांगतातच,” ते मला म्हणाले, मराठीत, सुखदेवच्या समोर.

मी सुखदेवला फांद्यांबद्दल विचारले. त्याने माझ्याकडे असे पाहिले की जणू मी दरवाजा म्हणजे काय असे विचारले होते.

“शेळ्या घुसतेत म्याडम. कुत्रे घुसतेत. घरचे येईपर्यंत काटे लावून ठेवतेत.”

वर्तमानपत्रात उमेदवारीच्या पहिल्या आठवड्यात शिकवतात की बंद दार दिसले तर शेजारी विचारा. अहवालाच्या वेळी मी पुण्यात टेबलाशी बसून मुखपृष्ठ निवडत होते. एक फोन केला असता तर कळले असते. मी केला नाही. टिळेकरांनी केला नाही. कॉलेजच्या मुलांनीही शेजारी विचारले नाही, कारण छापील प्रश्नावलीत शेजाऱ्याला विचारण्याचा रकाना नव्हता.

मी त्या म्हाताऱ्याजवळ जाऊन बसले. त्याचे नाव झिंगरूबा. डोळे अधू, कान शाबूत. मागे कुणी पोरे कागद घेऊन आली होती का, असे विचारल्यावर त्याला लगेच आठवले.

“आलते ना. गोरे गोरे पोट्टे. मले इचारलं, घरात आज किती जन हाय? म्या सांगतलं, एक. मीच हाओ.”

“घरात एकूण किती माणसं, असं नाही विचारलं?”

“नाही जी. आज किती, असंच इचारलं. मंग म्या बी आजचंच सांगतलं. खोटं काहून सांगू?”

अहवालाची प्रत माझ्या पिशवीत होती. मी परिशिष्ट उघडले. त्या घराची नोंद होती: कुटुंबातील सदस्य एक, वृद्ध. झिंगरूबाच्या घरात सहा माणसे राहतात.

साडेदहाच्या सुमारास जंगलातून माणसे यायला लागली. आधी बोलणे ऐकू आले, मग डोक्यावरची गाठोडी दिसली. बाया, पुरुष, मोठी मुले, कडेवर लहान. दहा मिनिटांत टोला भरला. काटे बाजूला झाले, चुली पेटल्या, अंगणात पानांचे ढीग पडले. पन्नास-पन्नास पानांच्या जुड्या बांधायला सगळे बसले. झिंगरूबाचे दोर त्याच्यासाठीच होते. संध्याकाळी या जुड्या फडावर, म्हणजे पाने मोजून घेण्याच्या मैदानावर, न्यायच्या असतात. टिळेकर गाडीत बसले होते. काच वर होती.

झिंगरूबाची सून वंदनाबाई. चाळिशीची, बारावी पास, गावच्या शाळेत अतिथी शिक्षिका होती, म्हणजे वर्षावर्षाच्या बोलीवर शिकवणारी. शाळा बंद झाली तशी तिची नोकरी गेली. मी कुठून आले ते सांगितले आणि लपवण्यात अर्थ नव्हता म्हणून अहवाल तिच्या हातात दिला. तिने ओले हात पदराला पुसले, मुखपृष्ठ पाहिले, आणि शेजारणीला हाक मारली.

“अवो कमला, इकडं ये. तुहं घर छापलं पुस्तकात.”

कमला आली. बराच वेळ पाहत राहिली. “माहंच हाय. हे पाय, कुड अर्धा लिपला हाय. त्या साली गेरू सरला होता.” मग खालच्या ओळीकडे बोट. “काय लिहिलं वो?”

वंदनाबाईने वाचून दाखवले. सोडून दिलेले घर.

“मायबाई! कोनं सोडलं? मी तं याच घरात दोन पोट्ट्यायले जलम देल्ला!”

बाया हसल्या. एक म्हणाली, “कमले, तू भूत हायस का मंग?” कमलाही हसली. वंदनाबाई हसली नाही. तिने पाने उलटली, गावाचे नाव शोधले, वाचले, पुन्हा वाचले.

“मंग ह्या कागदापायी आमची शाळा गेली?”

मी हो म्हणाले.

तिने मला जेवायला बसवले. तांदळाची पातळ पेज, कैरीची चटणी, मीठ. जंगलात जाताना हीच पेज भोपळ्याच्या तुंब्यातून नेतात, ती दुपारपर्यंत गार राहते. जेवता जेवता तिने जे सांगितले ते असे: नवी शाळा नाल्यापलीकडे आहे. पावसाळ्यात नाला चढतो. लहान मुलांना कुणी पाठवत नाही. पहिली-दुसरीची मुले घरीच आहेत. तिची धाकटी मुलगी या जूनमध्ये पहिलीत जायची. शिक्षण खात्याच्या कार्यालयात तिने अर्ज दिले, तीन वेळा. तिथले साहेब म्हणाले, गाव रिकामे आहे असे अभ्यासात आले आहे. ज्यांनी लिहिले त्यांच्याकडून दुरुस्तीचा कागद आणा. आणि शनिवारी पुन्हा उघडायच्या शाळांची नवी यादी जिल्ह्याला जाणार. त्यात नाव गेले नाही तर पुन्हा वर्ष गेले.

“मी पुन्याले कोठी शोधत येऊ तुमाले? आता तुमी स्वतःच आले. तुमच्या साहेबाले म्हना, एक कागद द्या.”

मी कागद तिथेच लिहिला. मराठीत चार वाक्ये: आमच्या पाहणीत चूक झाली. घरे बंद दिसली कारण लोक तेंदूपाने तोडायला गेले होते. हे लोक बाराही महिने या गावात राहतात. अहवालातील नोंद रद्द समजावी. सुखदेवने त्याचे हिंदी केले, झकास केले. मी तो घेऊन गाडीपाशी गेले.

टिळेकरांनी वाचला. “नीलिमाताई, चूक हा शब्द आपण वापरत नाही. मर्यादा म्हणतो.”

“डॉक्टर, हे लोक जिवंत आहेत. समोर बसलेत.”

“मी नाही म्हणतोय का? पण एका गावात नोंद रद्द केली की लोक बाकीच्या गावांबद्दल विचारणार. समितीबद्दल विचारणार. आणि त्या बाईची नोकरी गेलीय, तिचा त्यात स्वार्थ आहे, हे लक्षात घ्या.”

वंदनाबाई माझ्या मागे येऊन उभी होती, हे दोघांच्याही लक्षात आले नव्हते.

“हौ साहेब, माही नोकरी बी गेली,” ती म्हणाली. “मंग? तुमी बी नोकरीपायीच आले ना? मले दुसरी कोनी म्याडम पाठवा. शाळा खोला फक्त.”

टिळेकरांनी पेन काढले. वाटले, सही करतात. त्यांनी मजकूर दुरुस्त केला. चारही वाक्ये खोडून एक लिहिले आणि त्याखाली सही केली. हिंदीत होते, मराठीत सांगायचे तर: सदर गावातील लोकसंख्येत ऋतुमानानुसार चढउतार आढळतात, ही पाहणीची मर्यादा लक्षात घ्यावी. मला म्हणाले, “हे पुरेसं आहे.” खाडाखोड नको म्हणून त्यांनी सुखदेवला ते कोऱ्या कागदावर पुन्हा लिहायला लावले आणि पुन्हा सही केली. ते काळजीपूर्वक काम करतात.

दुपारी वंदनाबाईला घेऊन कार्यालयात गेलो. टिळेकर गाडीतच थांबले. तिथले साहेब पन्नाशीचे, थकलेले, सभ्य. त्यांनी पंखा आमच्याकडे वळवला आणि कागद दोनदा वाचला.

“मैडम, यह तो उलटा हो गया। इसके हिसाब से आपका गाँव मौसमी है। मौसमी बस्ती को पक्की शाला नहीं मिलती।”

वंदनाबाईने कागद त्यांच्या हातातून घेतला आणि स्वतः वाचला. चढउतार या शब्दावर तिचे बोट थांबले. पुण्यातल्या त्या इमारतीत गेल्या आठ वर्षांत मी असे किती शब्द बरोबर जागी बसवले असतील, ते मी त्या खुर्चीत बसून मोजत होते. राग आला होता आणि तो नुसता टिळेकरांवर नव्हता.

साहेबांनी दुसरा मार्ग सांगितला. हा कागद ते नोंदवतच नाहीत. त्याऐवजी त्यांचा माणूस उद्या गावात जाऊन घरोघर मोजेल. मोजणी शनिवारच्या आत आली तर तीच धरता येईल. पण प्रत्येक घरात कुटुंबप्रमुख आणि मुले समोर हवीत. ऐकीव नोंद चालणार नाही.

“किती वाजता येईल जी तुमचा मानूस?” वंदनाबाईने विचारले आणि मग तेच हिंदीत विचारले.

“आठ से ग्यारह। उसके बाद धूप में कौन जाएगा?”

शुक्रवार

आदल्या संध्याकाळी फडावर काय झाले ते मी पाहिले. मैदानात जुड्यांच्या रांगा लावलेल्या, हिशेब ठेवणारा मुनशी वही घेऊन फिरतो आहे, आणि वंदनाबाई एकेका घरच्या माणसाला गाठून सांगते आहे की उद्या कुणी पानावर जायचे नाही. हंगाम संपत आला होता. फड रविवारी बंद होणार होता. एका दिवसाची पाने गेली म्हणजे काय गेले, हे त्या मैदानात प्रत्येकाला माहीत होते. कमलाचा नवरा भडकला.

“त्यायनं चूक केली, अन् घरी आमी बसावं?”

“हौ.”

“काहून? तो साहेब बसन का माह्या जागी जंगलात?”

“तो नाही बसत. म्हनूनच तं आपल्याले बसा लागते. तुहा पोट्टा यंदा दुसरीत असता. त्याले क लिहिता येते का, इचार.”

वरच्या टोल्यातल्या गोंड बायांशी ती हिंदीत बोलली. एक जण म्हणाली, “एक दिन की तो बात है, बहनजी। बैठ जाएँगे।” बहनजी म्हणून तिला अजून हाक मारतात.

टिळेकरांची गाडी शुक्रवारी सकाळी गोंदियाहून सुटणार होती. मी त्यांच्याबरोबर गेले नाही. बालाघाटहून एका प्रवासी जीपने मला सातलाच गावात सोडले. रस्त्यात जीप एकदा बंद पडली आणि सगळ्यांनी उतरून ढकलली. माझी एक चप्पल तिथे तुटली. उरलेला दिवस मी कमलाच्या चपला घालून काढला.

सात वाजल्यापासून दोन्ही टोल्यांत माणसे दारात बसली होती. मुलांना अंघोळी घातल्या होत्या, तेल लावून भांग पाडले होते. दारांत काटे नव्हते. शेळ्या मोकाट घरात शिरत होत्या आणि त्यांना हाकलायलाही कुणी उठत नव्हते, कारण उठले आणि तेवढ्यात मोजणारा आला तर? जंगलाकडून येणारा वारा थंड होता. पाने तोडायला तीच वेळ चांगली असते. आठ वाजले. नऊ वाजले. वंदनाबाई फाट्यापर्यंत तीनदा जाऊन आली.

माणूस दहा वाजून गेल्यावर मोटारसायकलवर आला. त्याने काम चोख केले, हे नोंदवले पाहिजे. प्रत्येक दारात थांबला, नावे विचारली, मुलांच्या वयाचे कागद पाहिले. झिंगरूबाच्या दारात त्याने विचारले, घर में कितने लोग? झिंगरूबा म्हणाला, “आजचे सांगू का नेहमीचे?” तो माणूस हसला आणि म्हणाला, दोन्ही सांगा. दोन्ही सहाच निघाले. साक्षीदार म्हणून एक सही हवी होती, ती मी केली. हुद्दा काय लिहू, त्याने विचारले. मी म्हटले, हुद्दा राहू द्या. वंदनाबाईने यादीचा मोबाइलवर फोटो काढला आणि मलाही पाठवला, एक प्रत दुसऱ्या कुणाकडे असावी म्हणून.

पुढचे इथेच सांगून टाकते. गावाचे नाव शनिवारच्या यादीत गेले. जूनमध्ये शाळा उघडण्याचा आदेश आला. हे लिहीपर्यंत तिथे शिक्षक आलेला नाही. वंदनाबाई बिनपगारी वर्ग घेते. तिची धाकटी पहिलीत बसते, कमलाचा मुलगाही पहिलीतच बसतो. अहवाल संस्थेच्या संकेतस्थळावर आहे तसाच आहे. मी लिहिलेली दुरुस्ती विश्वस्तांपुढे ठेवली आहे. ती ‘विचाराधीन’ आहे. टिळेकर संचालक झाले.

मोजणारा गेला तेव्हा साडेबारा झाले होते. ऊन असे होते की जंगलात जाऊन उपयोग नव्हता. तोडलेली पाने हातातच करपतात. माणसे आपापल्या ओसरीवर बसून राहिली. तेवढ्यात टिळेकरांचा फोन आला. ते रेल्वेत होते, आवाज तुटत होता.

“आज मोजणी होती म्हणे. सुखदेव सांगत होता. बरीच माणसं निघाली?”

“सगळी निघाली.”

“छानच. ती यादी मला पाठवा. नीलिमाताई, लक्षात येतंय ना? तेव्हा रिकामं, आता भरलेलं. लोक परत येतायत. शहरांतून उलटं स्थलांतर. दुसऱ्या खंडाची सुरुवातच याने करू. मधल्या काळात धोरण बदललं, त्याचा परिणाम म्हणून मांडता येईल.”

मी म्हणाले, यादी पाठवणार नाही. त्यांची रेंज गेली असावी; त्यांनी ऐकले की नाही ते कळले नाही. फोन बंद झाला.

“साहेब होता का?” वंदनाबाईने विचारले. “काय म्हनते? सही करून राह्यला का नीट?”

“नाही.”

“मंग?”

मी तिला त्यांचे बोलणे जसेच्या तसे सांगितले. मग ओसरीच्या कडेला जाऊन तिने सगळ्या टोल्याला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले, “अवो ऐकलं का सारे जन? आपन गाव सोडून गेलतो म्हनते, अन् आता वापस आलो म्हनते!”

कुणी हसले नाही. दोन-तीन दारांत माणसे उभी राहिली. कमलाच्या नवऱ्याने शिवी दिली आणि आत गेला.

झिंगरूबाने हातातला दोर खाली ठेवला आणि सुनेच्या आवाजाच्या दिशेने तोंड वळवले.

“कोठी गेलतो बा आपन?” त्याने विचारले.